टूडी इकोचा कागद वाचताना

हृदयाची शस्त्रक्रिया होऊन मूल पाड्यावर परत येते, तेव्हा आईच्या पिशवीत रुग्णालयाची फाईल असते. घरची माणसे त्यातला टूडी इकोचा कागद आपल्या कार्यकर्त्यांपुढे धरतात आणि एकच विचारतात, "आता हार्ट बरोबर चालतेय ना?" आपण नुसते "हो" म्हटले तर औषधे बंद होतात, पुढची तारीख बुडते. "आकडा कमी आहे" म्हटले तर रडारड सुरू होते. म्हणून यावेळचा पाठ या कागदावर.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरलाच झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते. हजार जन्मांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो. अशी मुले पुढे परळचे वाडिया बालरुग्णालय, खारघरचे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय अशा ठिकाणी पाठवली जातात. जव्हार-मोखाड्याकडे मात्र एक घोटाळा वारंवार होऊ शकतो. वजन वाढत नाही म्हणून मूल कुपोषणाच्या यादीत जाते, आहार सुरू होतो, तरी काटा हलत नाही. दूध पिताना कपाळाला घाम येणे, दोन घोट घेऊन दम लागणे, सारखा न्यूमोनिया होणे, हे जोडीला असेल तर खाऊ वाढवून भागणार नाही. हृदय तपासायलाच हवे.

टूडी इको म्हणजे आवाजाच्या लहरींनी घेतलेले हृदयाचे हलते चित्र. त्यात सुई नाही, दुखणे नाही, क्ष-किरणही नाहीत. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी हृदयावर हा प्रयोग प्रथम केला, तेव्हा त्यांच्या हाती धातूतले तडे शोधण्याचे यंत्र होते!

कागदावर 'ईएफ' असे लिहून पुढे टक्के असतात. डावा कप्पा पूर्ण भरल्यावर त्यात जेवढे रक्त असते, त्यातले किती एका ठोक्यात बाहेर पडले, त्याचा हा हिशेब. साधारण ५५ ते ७० टक्के म्हणजे ठीक. "साठच?" म्हणून आईबाप घाबरतात, हे शाळेतले गुण नव्हेत, शंभर टक्के कोणाचेच हृदय रिकामे होत नाही, हे त्यांना आधी सांगावे.

आता खरी अवघड गोष्ट. मोठे छिद्र असलेल्या मुलाचा ईएफ शस्त्रक्रियेआधी चांगला, कधी फारच चांगला दिसतो, आणि छिद्र बंद केल्यावर तो उतरतो. घरच्यांना वाटते, चांगले हृदय बिघडवून पाठवले. आपल्या वाडीतला पाण्याचा पंप आठवा. पाइप मध्येच फुटला असेल तर पाणी फटीतून सहज निघून जाते, पंपावर जोर येत नाही. तो जोरात चाललेला दिसतो आणि वाफे कोरडेच राहतात. पाइप सांधल्यावर सगळे पाणी टोकापर्यंत ढकलावे लागते आणि पंपाची खरी ताकद तेव्हा कळते. छिद्र असताना डाव्या कप्प्यातले बरेच रक्त कमी दाबाच्या वाटेने फुप्फुसाकडे पळत असते. ती वाट बुजली की सगळा भार कप्प्यावर येतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत समजा ६५ चे ५० झाले, तर त्यावरून शस्त्रक्रिया फसली असे ठरत नाही. बहुतेक मुलांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कप्पा सावरतो. सावरला की नाही, हे मात्र पुढच्या इकोतच दिसते.

पहिली रात्र सर्वांत कठीण. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्रावर घेतलेले असते, त्यामुळे नंतर ते दमलेले असते. साधारण सहा ते अठरा तासांत त्याचा जोर सर्वांत कमी पडू शकतो. त्या वेळी डॉक्टर केवळ इकोवर विसंबत नाहीत. तळपाय गरम आहेत का, त्वचा दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत लाली परतते का, वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान एक मिलीलिटर लघवी होते का, रक्तात लॅक्टेट वाढले का, हे सारखे पाहतात. काचेबाहेर उभ्या आईला "डॉक्टर सारखे पाय का चाचपतात?" असे वाटते, त्याचे उत्तर हे.

ओठ-नखे निळी पडणाऱ्या, दम लागला की उकिडवे बसणाऱ्या मुलांचा दोष बहुधा वेगळा असतो. त्यांच्यात डाव्या कप्प्याचा ईएफ अपुरा ठरतो, कारण भार उजव्या कप्प्यावर असतो. शिवाय दुरुस्तीनंतर फुप्फुसाकडची झडप गळत राहू शकते आणि ते वर्षानुवर्षे पाहावे लागते. मूल शाळेत धावू लागले तरी त्याचा इको चुकवू नये.

आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. शस्त्रक्रियेतला गारवा आणि ऑक्सिजनची कमतरता अशा रक्ताला घातक ठरू शकते. तो रिपोर्ट फाईलमध्ये नसेल तर मुंबईला निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

घरी आल्यावर पाड्यावर इको यंत्र नाही, पण घड्याळ आणि वजनकाटा आहे. मूल शांत किंवा झोपलेले असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त असतील तर त्याच दिवशी दवाखाना. पापण्या सुजणे, लघवी कमी होणे, ताप येणे, दूध सोडणे, हेही तसेच. बरे दिसते म्हणून लघवीचे औषध आपल्या मनाने थांबवू देऊ नका.

दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नेमकी त्याच काळात इकोची तारीख येते. तेव्हा कुटुंब निघण्याआधी फाईलच्या पुठ्ठ्यावर तीन गोष्टी ठळक लिहा: पुढच्या इकोची तारीख, चालू औषधे, आणि कुठल्या गावच्या भट्टीवर जाणार ते. शेवटच्या इकोचा फोटो आशाताईंच्या मोबाईलवर ठेवा. भट्टीवर पावसाने फाईल भिजली, तरी आधीचा आकडा हाताशी राहील.