जनित्रासाठी संरक्षक उपकरणांची निवड

वीजपुरवठा खंडित झाला असता पंप किंवा कुक्कुटशाळा चालू ठेवण्यासाठी पुष्कळ शेतकरी जनित्र बाळगतात. मात्र त्यावर घरातील जुनीच एम.सी.बी. बसविण्याचा प्रघात धोक्याचा आहे.

डीपीवरील विजेत तारा एकमेकींस चिकटल्यास शेकडो अँपिअर प्रवाह धावतो व एम.सी.बी. तत्काळ पडते. लहान जनित्राच्या अंगी एवढे बळ नसते. त्याचा प्रवाह काही क्षणांतच निर्धारित प्रवाहाच्या सुमारे तिपटीवर, कित्येकदा त्याहूनही खाली येतो. म्हणून एम.सी.बी. जनित्राच्या पाटीवरील आकड्यांवरून निवडावी.

उदाहरणार्थ, जनित्र १५ केव्हीए, तीन फेज, ४१५ व्होल्टचे आहे. १५,००० ला १.७३२ × ४१५ ने भागल्यास सुमारे २१ अँपिअर येतात. येथे २० अँपिअरची एम.सी.बी. योग्य होय. ६३ अँपिअरची बसविल्यास ती पडण्यापूर्वीच जनित्राचे वेटोळे जळू शकते.

एम.सी.बी.ची जातही पाहावी. २० अँपिअरची 'सी' जातीची एम.सी.बी. १०० ते २०० अँपिअरला तत्काळ पडते. 'बी' जातीची ६० ते १०० अँपिअरला. म्हणून 'बी' अधिक सोयीची. ५ अश्वशक्तीची मोटर थेट सुरू होताना साधारण ४५ अँपिअर घेते. तेवढ्याने ती तत्काळ पडत नाही. जनित्राचा शॉर्टसर्किट प्रवाह किती व किती वेळ टिकतो, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

माणसाच्या रक्षणास एम.सी.बी. पुरी पडत नाही. ओल्या जागी काम करणाऱ्यांसाठी ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवावी. जनित्राचा न्यूट्रल जनित्रापाशीच अर्थिंगला जोडलेला असावा. अन्यथा तिचा भरवसा धरता येत नाही. तिचे चाचणी-बटन दरमहा दाबून पाहावे. सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जनित्र व डीपीची वीज यांमध्ये न्यूट्रलसह चारही तारा तोडणारा चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे. तो नसल्यास जनित्राची वीज उलटी डीपीत शिरून ११,००० व्होल्टची होऊ शकते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाइनमन प्राणास मुकतो. ग्रामसेवकांनी जनित्र पाहावयास गेल्यावर प्रथम हा स्विच पाहावा, आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवून घेण्यास सांगावे.