गर्भवतीचा नकार आणि नवऱ्याची सही

सिझर, रक्त चढवणं किंवा भरती होणं, यांपैकी कशालाही गर्भवतीच्या घरच्यांनी नाही म्हटलं की बहुतेक दवाखान्यांत एक छापील कागद पुढे येतो. 'आम्ही पेशंटला आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. काही बरंवाईट झाल्यास डॉक्टर व दवाखाना जबाबदार राहणार नाहीत.' खाली सहीची जागा आणि तिच्या बाजूला 'पती / वडील / नातेवाईक'. जिचं हिमोग्लोबिन सहावर आलंय किंवा बीपी 170 च्या पुढे गेलंय, तिच्यासाठी या कागदावर पुष्कळदा ओळच नसते. सही झाली की डॉक्टरला वाटतं आपण सुटलो, नवऱ्याला वाटतं निर्णय आपलाच होता, आणि बाई ऑटोत बसून घरी जाते. डॉक्टर आणि नवरा दोघेही इथे चुकतात. माझं म्हणणं असं, की उपचार नाकारण्याचा हक्क फक्त त्या बाईचा आहे आणि ती गरोदर आहे म्हणून तो कमी होत नाही. तो फक्त तिचा आहे, म्हणूनच तिच्या वतीने दुसऱ्या कुणी दिलेला नकार डॉक्टरने नकार म्हणून धरूच नये.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात यातला कळीचा मुद्दा निकालात काढला. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान महिलेचं गर्भाशय, ती बेशुद्ध असताना, तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आलं होतं. जिवाला तत्काळ धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, म्हणून आईची संमती निरर्थक ठरली. सख्ख्या आईची सही जिथे चालत नाही, तिथे नवऱ्याची किंवा सासूची कशी चालेल? गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यातही सज्ञान आणि मानसिक आजार नसलेल्या बाईची फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही, तरी त्याची सही मागण्याची सवय काही सुटत नाही. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महिला कैद्यांच्या गर्भपाताचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हा सांगितलं की गर्भ बाईच्या शरीरात वाढतो, त्यामुळे त्याबद्दलचा निर्णय तिचाच. सज्ञान, समज असलेली व्यक्ती जीव वाचवणारा उपचारही नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वैद्यकीय इच्छापत्राच्या (लिव्हिंग विल) निकालात मान्य केलं. आणि जानेवारी 2025 मध्ये, बौद्धिक क्षमता कमी असलेल्या मुलीचा गर्भपात करू द्या म्हणून वडील मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा मुलीला मूल हवं होतं. बुद्धी सरासरीपेक्षा कमी म्हणून तिला आई होण्याचा हक्क नाही का, असं न्यायालयाने विचारलं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप बाळाचा. आईने स्वतःच्या जिवाशी काय करायचं ते करावं, पण नऊ महिन्यांच्या, बाहेर आलं तर जगेल अशा बाळाचा जीव तिच्या हट्टावर का सोडायचा? हा आक्षेप मी हलका मानत नाही. सुचिता श्रीवास्तव खटल्यात (2009) मातृत्वाची निवड हा स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानतानाच, जन्माला येऊ घातलेल्या बाळाचं रक्षण करण्यात राज्याला रस आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं आहे. पोटातल्या बाळाला वारसा मिळतो, मात्र ते जिवंत जन्मलं तरच. भारतीय न्याय संहितेचं कलम 88 गर्भ पाडण्याबद्दल आहे आणि स्वतः गर्भ पाडणाऱ्या बाईलाही ते लागू होतं. पण सिझरला किंवा रक्ताला नाही म्हणणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवणारं कलम आपल्याकडे नाही, आणि नसावं. नैतिक बाजूने मी मान्य करतो की जगू शकणाऱ्या बाळाबद्दल आईचं कर्तव्य असतं. पण कर्तव्य असणं वेगळं आणि ते दुसऱ्याने सुरी चालवून पार पाडून घेणं वेगळं. बापाची किडनी मुलाला जुळली आणि तो नाही म्हणाला, तर आपण त्याला नावं ठेवू, पण हातपाय बांधून टेबलावर घेणार नाही. गर्भवतीच्या बाबतीत मात्र ही कल्पना आपल्याला तितकीशी भयंकर वाटत नाही, यातच बरंच काही आलं.

शिवाय डॉक्टरांचं भाकीत नेहमी खरं ठरतं असंही नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 1981 मध्ये वार (प्लासेंटा) पूर्ण खाली असलेल्या एका बाईने धार्मिक कारणाने सिझर नाकारलं. नैसर्गिक प्रसूतीत बाळ दगावण्याची शक्यता 99 टक्के आणि आई दगावण्याची 50 टक्के, असं डॉक्टरांनी न्यायालयात सांगितलं. न्यायालयाने सिझरचा आदेश दिला. पुढे वार सरकली आणि ती नैसर्गिकरीत्या, सुखरूप बाळंत झाली. वार खाली असेल तर सिझरच करावं, हा सल्ला यामुळे चुकीचा ठरत नाही. डॉक्टर म्हणून मीही तोच देईन. पण जिथे आकडे इतके चुकू शकतात, तिथे शरीरावर सक्ती करण्याचा अधिकार त्या आकड्यांच्या जोरावर मागता येत नाही. इंग्लंडमध्ये 36 आठवड्यांच्या गर्भवतीचं, बीपी धोकादायक असताना, तिच्या इच्छेविरुद्ध सिझर झालं; 1998 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. उलट बाजूचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. माहेर बेळगावचं असलेली दंतवैद्य सविता हलप्पनवार 2012 च्या ऑक्टोबरात आयर्लंडच्या गॉलवे शहरात दगावली. सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नव्हता, तिने गर्भपात मागितला, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते आणि तिथल्या घटनेत गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क होता. जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. ती तरतूद काढण्याचा कौल 2018 मध्ये सार्वमताने दिला गेला. आज बाळाच्या नावाखाली बाईचा नकार मोडण्याची सोय केली, तर उद्या त्याच सोयीने तिची मागणीही फेटाळता येते.

आता नकार येतो कुठून ते पाहू, कारण जबाबदारीचा खरा हिशेब तिथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या 47.4 टक्के प्रसूती सिझरने झाल्या, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. गुंतागुंतीच्या केसेस सरकारीत कमी आणि खासगीत जास्त जातात, असं कुणी म्हणणार नाही. हे आकडे समोर असताना 'हे पैशासाठी कापतात' असं वाटणाऱ्या बाईला अडाणी म्हणायचं कसं? तिचा अविश्वास आमच्या व्यवसायाने स्वतः कमावलेला आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या गर्भवतींना रक्तक्षय आढळला. विदर्भात त्यावर सिकलसेलची भर. सातच्या खाली हिमोग्लोबिन असलेली बाई प्रसूतीतला थोडासा रक्तस्रावही सोसू शकत नाही, हे तिला साध्या शब्दांत कुणी सांगितलेलं नसतं. तिला 'दुसऱ्याचं रक्त' नको असतं, किंवा घरी दोन लहान लेकरं असतात, किंवा मेळघाटातून अमरावती-नागपूरला यायचं म्हटलं की भाषा परकी, जेवणाची सोय नाही आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडणार. सरकारी दवाखान्यात सिझर, रक्त, औषधं, जेवण आणि वाहन 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, हे अनेकींना नकार देऊन झाल्यावर कळतं. असा नकार म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांची बेरीज आहे. आणि पुष्कळदा तो तिचा नसतोच. ती गप्प असते, बोलते सासू. बाईला उपचार हवे असताना घरच्यांनी अडवलं, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिचं आरोग्य आणि जीव धोक्यात घालणं ही हिंसाच आहे, हे नातेवाइकांनी ध्यानात ठेवावं.

डॉक्टर मंडळी यावर म्हणतील, कळांनी विव्हळणारी बाई शांत डोक्याने निर्णय घेऊ शकते का? बहुधा घेऊ शकते. वेदना म्हणजे समज जाणं नव्हे; तसं असतं तर लेबर रूममध्ये घेतलेली प्रत्येक संमतीही रद्द धरावी लागेल. होकार दिला तर शुद्धीत, नकार दिला तर भानावर नाही, हा न्याय चालणार नाही. कसोटी सोपी आहे: नातेवाइकांना बाहेर पाठवून, तिच्या भाषेत सांगून, तिने ते आपल्या शब्दांत परत सांगितलं, परिणाम तोलले आणि ठाम उत्तर दिलं, तर समज आहे. झटके आलेली, रक्त वाहून अर्धवट शुद्धीत गेलेली किंवा तापात बरळणारी बाई या कसोटीत बसत नाही. तिने आधी समजून-उमजून नकार दिलेला नसेल, तर जीव वाचवण्यासाठी डॉक्टरने सहीची वाट पाहू नये. अशा सद्हेतूने केलेल्या उपचाराला कायद्याचं संरक्षण आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीचं प्रकरण वेगळं, तिथे पालकांची संमती लागते.

डॉक्टरांची दुसरी अडचण म्हणजे खटल्याची आणि तोडफोडीची भीती. ती खोटी नाही. पण छापील कागद खटल्यापासून वाचवत नाही, कारण निष्काळजीपणा सहीने माफ होत नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेला संमती मिळाली नाही असं डॉक्टर म्हणत असेल, तर नकार सिद्ध करण्याचं ओझं डॉक्टरवरच आहे, असं केरळ उच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकातच म्हटलं आहे. म्हणून नोंदीत वेळ हवी, हिमोग्लोबिनचा आकडा, बीपी, बाळाचे ठोके, कोणत्या भाषेत काय सांगितलं, कोणता पर्याय दिला, आणि तिने दिलेलं कारण तिच्याच शब्दांत. रक्त नको म्हणणारीला लोहाची शिरेतली सलाईन देता येते, सिझर नको म्हणणारीची प्रसूती सज्ज ठिकाणी करता येते. नकार एका उपचाराला असतो, सगळ्या देखभालीला नसतो. 'मग दुसरीकडे न्या' म्हणून हात झटकणारा डॉक्टर जबाबदारीतून सुटत नाही.

वाचक बायांनो, सातव्या महिन्यातच विचारून घ्या: माझं हिमोग्लोबिन किती, सिझर सांगितलं तर का, थांबलं तर काय होईल, रक्त लागलं तर कुठून येईल. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत विचारा. आणि लिहून देऊन घरी गेला असाल, पण नंतर रक्त जायला लागलं, डोकं जबरदस्त दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर 'आता कुठल्या तोंडाने जायचं' म्हणून घरी थांबू नका. 108 ला फोन करा आणि त्याच दवाखान्यात परत जा. सकाळचा नकार संध्याकाळी मागे घेता येतो, आणि त्यासाठी कुणाचीही सही लागत नाही.