बेटावर जाण्यापूर्वी

प्रस्तावना

परदेशप्रवास ही एके काळी उच्च शिक्षण, व्यापार किंवा नोकरी यांसाठीच घडणारी गोष्ट होती. आता मध्यमवर्गीय कुटुंबेही सुट्टी घालवण्यासाठी परदेशी जाऊ लागली आहेत आणि त्यांत उष्ण कटिबंधातील बेटांना विशेष पसंती मिळते. अशा प्रवासाची आखणी पुष्कळदा छायाचित्रांवरून केली जाते. छायाचित्रात निळे पाणी, पांढरी वाळू आणि माडांची रांग दिसते. वारा, पाऊस, अंतर आणि खर्च त्यात दिसत नाहीत. प्रस्तुत पाठात हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटाचे उदाहरण घेऊन प्रवासाच्या पूर्वतयारीचा विचार केला आहे. मुंबईहून हे बेट विमानाने सुमारे सहा तासांच्या अंतरावर आहे. तेथे मराठी वंशाचा समाजही आहे. त्यामुळे मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही.

मूळ पाठ

समजा, इंदूरमधील एका कुटुंबाने मॉरिशसला जाण्याचे ठरवले आहे. कुटुंबात आजी, आई, वडील आणि नववीत शिकणारी मुलगी अशी चार माणसे आहेत. तीन वर्षे बाजूला टाकलेल्या रकमेतून हा प्रवास व्हायचा आहे. अशा वेळी एक प्रवासी कंपनी जानेवारी महिन्यासाठी भरघोस सवलत देऊ करते. इंदूरला जानेवारीत थंडी असते, हवा प्रसन्न असते. तेव्हा तोच काळ बेटावरही चांगला असेल, असे या कुटुंबाला सहज वाटेल. नेमके येथेच थांबून विचार करावयास हवा.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे 20 अंश दक्षिण अक्षांशावर आहे. म्हणून तेथील ऋतू आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील उन्हाळा. तो उष्ण, दमट आणि पावसाचा असतो, आणि चक्रीवादळांचा हंगामही हाच. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत वादळाची शक्यता विशेष असते. जानेवारी 2024 मध्ये 'बेलाल' या चक्रीवादळामुळे राजधानी पोर्ट लुई येथील रस्त्यांना नद्यांचे रूप आले, मोटारी वाहून गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. दरवर्षी असे घडतेच असे नाही. जानेवारीत जाऊन आठही दिवस स्वच्छ ऊन अनुभवून परतलेली माणसे पुष्कळ आढळतील. तथापि सवलत कशापोटी दिली जात आहे, हे समजून घेतल्यावरच ती स्वीकारावी. सवलतीच्या दरात वादळाची जोखीमही आलेली असते आणि ती प्रवाशाच्या वाट्याची असते.

चक्रीवादळाचा इशारा तेथे चार श्रेणींत दिला जातो. श्रेणी जसजशी चढते तसतसे व्यवहार बंद होत जातात आणि चौथ्या श्रेणीत घराबाहेर पडणे जिवावर बेतू शकते. उन्हाळ्यात जावेच लागले, तर ही पद्धत आधी समजून घ्यावी. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी दिलेली सूचना शब्दशः पाळावी. परतीच्या विमानाच्या दुसऱ्याच दिवशी नोकरीवर हजर राहण्याचे वचन कोणालाही देऊ नये.

मे ते ऑक्टोबर हा बेटावरचा हिवाळा. या काळात पाऊस कमी आणि हवा सौम्य असते. इंदूर, नागपूर किंवा हैदराबाद उन्हाने भाजून निघत असते त्या मे महिन्यात मॉरिशसमध्ये हिवाळ्याची सुरुवात झालेली असते. शाळांच्या उन्हाळी सुट्टीशी याचा उत्तम मेळ बसतो. दिवाळीच्या सुट्टीचा काळही चांगलाच. मात्र हिवाळ्यात दिवस लहान असतो. जूनमध्ये सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि त्यानंतर लवकरच अंधार पडतो. 'संध्याकाळी निवांत समुद्रावर जाऊ' हा आपल्याकडचा बेत तेथे फसतो. पाहण्याची ठिकाणे सकाळीच आटोपावी लागतात. मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे, एवढाच काय तो वेळेचा फरक.

महिना ठरला की किनारा ठरवावा. बेट उत्तर-दक्षिण सुमारे 65 किलोमीटर लांब आणि सुमारे 45 किलोमीटर रुंद आहे. एवढ्याशा जागेत हवामान काय बदलणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण बेटाच्या मधोमध पठार आहे आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे त्यावर अडतात. त्यामुळे पठारावरील क्युरपीप हे गाव ढगाळ, पावसाळी आणि थंड, तर त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक आँ फ्लाक येथे लख्ख ऊन, असा प्रकार नेहमी घडतो. जून ते ऑगस्ट या महिन्यांत हे वारे जोरात असतात. तेव्हा पूर्वेकडील बेल मारचा किनारा देखणा असूनही वाऱ्याने बेजार करतो. उत्तरेकडील ग्राँ बे आणि पश्चिम किनारा त्या मानाने शांत असतात. आजींना सोबत घेऊन जूनमध्ये जाणाऱ्या कुटुंबाने पश्चिम किंवा उत्तर किनारा निवडावा, हे उघड आहे. पठारावर जाण्याच्या दिवसासाठी प्रत्येकाची एक लोकरीची बंडी सामानात असावी. उष्ण कटिबंधातील बेटावर लोकरी कपडे कशाला, असा प्रश्न निघताना सर्वांनाच पडतो.

विमानतळ बेटाच्या आग्नेय भागात, माएबूर या गावाजवळ आहे. तेथून उत्तरेकडील ग्राँ बेपर्यंत मोटारीने एक तासाहून अधिक वेळ लागतो. टॅक्सीचे भाडे गाडीत बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. दिवसा बससेवा चांगली असते, रात्री मात्र तिचा भरवसा धरू नये. पोर्ट लुई ते क्युरपीप अशी मेट्रोही आता धावते. तिचा पहिला टप्पा 2019 मध्ये सुरू झाला आणि 2022 मध्ये ती क्युरपीपपर्यंत पोहोचली. वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. आठ दिवसांत चार हॉटेले बदलण्याचा कार्यक्रम पुष्कळ कंपन्या आखून देतात. पण बेटाचा आकार पाहता एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून रोज एका दिशेला जाऊन येणे अधिक शहाणपणाचे आहे.

कागदपत्रांबाबत फार अडचण नाही. भारतीय पर्यटकाला मॉरिशससाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. मात्र परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा विमानतळावर मागितला जाऊ शकतो. प्रवासापूर्वी एक अर्ज संगणकावरून भरावा लागतो. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात ते अधिकृत ठिकाणी पुन्हा पाहावेत. शेजाऱ्याचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव येथे कामाचा नाही.

आता पैशाचा विचार. मॉरिशसच्या चलनाचे नावही रुपया हेच आहे, पण त्याचे मूल्य भारतीय रुपयाहून अधिक आहे. ही बाब क्षुल्लक वाटली तरी तिच्यामुळे अंदाजपत्रक कोलमडते. किंमत शंभर रुपये दिसते आणि मन ती आपल्या रुपयांत मोजते. पहिल्याच दिवशी त्या दिवसाचा विनिमय दर प्रत्येकाने तोंडपाठ करावा. 12 फेब्रुवारी 2024 पासून मॉरिशसमध्ये भारतीय पर्यटकांना यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे. तरी रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांसाठी आणि बससाठी थोडी रोकड जवळ हवीच.

इंदूरच्या कुटुंबाने आपला खर्च दोन भागांत मांडावा. विमानाचे तिकीट, इंदूर ते मुंबई हा प्रवास, निवास आणि विमा हा खर्च आधीच ठरतो. जेवण, वाहन, समुद्रातील सहली आणि खरेदी हा खर्च तेथे गेल्यावर वाढत जातो. निवासाच्या दरात दोन्ही वेळचे जेवण धरले आहे किंवा नाही, हे लेखी विचारून घ्यावे. बाहेरच्या गावापासून दूर असलेल्या हॉटेलात जेवण धरलेले नसेल, तर चार माणसांच्या आठ दिवसांच्या जेवणाने सगळा हिशोब बिघडू शकतो. याशिवाय दोन जादा दिवसांच्या मुक्कामापुरती रक्कम निराळी ठेवावी. विमान रद्द झाले तर तिचा उपयोग होतो. न झाले तर ती घरी परत येते.

शाकाहारी माणसांनी जेवणाची धास्ती घेऊ नये. डाळ भरलेली, तव्यावर भाजलेली 'ढोल पुरी' बेटावर रस्तोरस्ती मिळते. बिहारमधून गेलेल्या मजुरांच्या पुरणाच्या पुरीचे हे वंशज आहे आणि मॉरिशसच्या सर्व समाजांनी ते आपलेसे केले आहे.

विमा हा खर्च टाळण्याकडे अनेकांचा कल असतो. परदेशी खाजगी रुग्णालयात काही दिवस राहावे लागले तर संपूर्ण प्रवासाच्या खर्चाहून मोठे देयक हाती पडू शकते. आजींचा रक्तदाबाचा विकार विमापत्रात नोंदवला नसेल तर ऐन वेळी दावा नाकारला जातो. आधीचे सर्व आजार प्रामाणिकपणे लिहावेत. समुद्रातील खेळ आणि वादळामुळे झालेला खोळंबा यांना संरक्षण आहे काय, हेही वाचून पाहावे.

औषधांचा प्रश्न याहून नाजूक आहे. मॉरिशसमध्ये अमली पदार्थांविषयीचा कायदा अत्यंत कडक आहे आणि आपल्या घरातील काही साधी वाटणारी औषधेही त्याच्या कक्षेत येतात. गुडघेदुखीवर दिले जाणारे ट्रॅमाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि काही झोपेच्या गोळ्या यांबाबत विशेष सावध राहावे. डॉक्टरांची चिठ्ठी पारपत्रावरील नावाने घ्यावी, औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत, प्रवासाला पुरतील एवढीच न्यावीत आणि यांपैकी काही आवश्यक असेल तर पूर्वपरवानगीची चौकशी करावी. दुसऱ्या कोणाची औषधाची पुडी किंवा बंद पाकीट 'तेवढे नेऊन द्या' म्हणून कोणी दिले, तर ते घेऊ नये. येथे भिडस्तपणा महागात पडतो.

झाडे, फळे, बियाणे यांवरही निर्बंध आहेत. ऊस हे त्या देशाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे पीक. रोग शिरू नये म्हणून बाहेरचा ऊस आणण्यास तेथे मनाई आहे. पूजेसाठी आंब्याची पाने किंवा दुर्वा न्याव्यात असे आजींना वाटेल. त्यांना त्यामागचे कारण आधीच समजावून सांगावे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2016 पासून बंदी आहे, तेव्हा सामानात कापडी पिशवी असावी. भारतातील विजेची पिन तेथील खोबणीत बसत नाही, म्हणून जोडपिन न्यावी. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारे डासही तेथे आढळतात. अंगाला लावायचे मलम विसरू नये.

ज्या समुद्रासाठी हा सारा खटाटोप, त्याच्याविषयी मात्र प्रवासी फारशी चौकशी करत नाहीत. बेटाच्या बहुतेक भागाभोवती प्रवाळभित्ती आहे. तिच्या आतील उथळ, शांत पाण्याला भूगोलात खाजण म्हणतात. छायाचित्रातील निळे पाणी ते हेच. लाटा बाहेरच्या भित्तीवर फुटतात, म्हणून आत पोहणे बरेच सुरक्षित असते. परंतु भित्तीला जेथे खिंड आहे तेथे पाण्याला ओढ असते. दक्षिणेकडे सुइयाकजवळ ग्री ग्री येथे तर प्रवाळभित्तीच नाही. महासागराच्या लाटा थेट कड्यावर आदळतात. ते दृश्य पाहावे, पाण्यात मात्र उतरू नये. 'आम्ही कोकणात समुद्र पाहिला आहे' हे तेथे उपयोगाचे नाही. खाजणातही रबरी तळाचे बूट घालूनच चालावे, कारण दगडासारखा दिसणारा विषारी मासा आणि काटेरी समुद्री साळू वाळूत सहज दिसत नाहीत. होडीची सहल परवानाधारकाकडूनच घ्यावी आणि प्रत्येकाला, विशेषतः मुलीला व आजींना, तरंगजाकीट मिळेपर्यंत होडीत पाऊल ठेवू नये. संकटसमयी पोलिसांसाठी 999 आणि रुग्णवाहिकेसाठी 114 हे क्रमांक आहेत.

प्रवाळ हा दगड नव्हे. तो असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असतो. त्यावर उभे राहिल्याने किंवा त्याचा तुकडा तोडल्याने वर्षानुवर्षांची वाढ नष्ट होते. जुलै 2020 मध्ये 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यालगतच्या प्रवाळभित्तीवर रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा हजारो रहिवाशांनी उसाच्या पाचटाचे आणि कापडाचे लांबलचक अडसर शिवून तेल थोपवण्याचा प्रयत्न केला. पर्यटकाला केवळ देखावा वाटणारे ते पाणी कोळ्यांच्या उपजीविकेचे साधन आहे.

या रहिवाशांविषयी थोडे जाणून घेतले तर प्रवासाची आखणीही बदलते. 1834 पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले. त्यांत बिहारी आणि तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. ते ज्या धक्क्यावर उतरले तो पोर्ट लुईमधील आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. कार्यक्रमपत्रिकेत खरेदीला दोन दिवस आणि या घाटाला शून्य तास असे पुष्कळदा दिसते. इंदूरच्या कुटुंबाने तेथे एक सकाळ राखून ठेवावी. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी कुटुंबे नदीत व समुद्रात गणपतीचे विसर्जन करतात. महाशिवरात्रीला लाखो भाविक गंगा तलावाकडे पायी जातात. त्या दिवसांत पठारावरील रस्ते भरून वाहतात, तेव्हा दूरच्या सहली त्या काळात आखू नयेत.

तेथील मराठी शाळांत शिकवली जाते, पण रोजच्या बोलण्यात बहुतेक सर्वांची भाषा क्रिओल असते. मराठी आडनावाच्या माणसाला मराठी बोलता आले नाही तर आश्चर्य किंवा खेद प्रकट करू नये. त्याच्या पूर्वजांना मायदेश सोडून पाच-सहा पिढ्या लोटल्या आहेत. कार्यालयांत इंग्रजी चालते, वृत्तपत्रे बहुधा फ्रेंच असतात. दुकानात शिरताना फ्रेंचमधील 'बोंजूर' एवढा एक शब्द म्हटला की पुढचा व्यवहार सोपा होतो. तो आजींनाही शिकवून ठेवावा.

स्वाध्याय

1. जानेवारीतील सवलत स्वीकारण्यापूर्वी इंदूरच्या कुटुंबाने कोणकोणत्या गोष्टींची चौकशी करावी?
2. एकाच दिवशी क्युरपीप आणि फ्लिक आँ फ्लाक येथील हवा वेगळी का असते, ते स्पष्ट करा.
3. आजींची औषधे सोबत नेण्यासाठी काय पूर्वतयारी करावी लागेल, ते सात-आठ ओळींत लिहा.
4. निवासाच्या दरात कोणत्या गोष्टींचा समावेश आहे, याची विचारणा करणारे पत्र मॉरिशसमधील एखाद्या हॉटेलच्या व्यवस्थापकांना लिहा.