नवरीच्या आईचं पातळ आधी घ्या

सालेकसा, आमगाव, दरेकसा या पट्ट्यात लग्नाच्या कपड्यांची यादी निघाली की तिचा क्रम ठरलेला असतो. आधी नवरीचा शालू, मग नवरदेवाचा पोशाख, मग वरमायची साडी, मग आत्या, काकू, मावश्या, करवल्या, मानापानाचे आहेर. हे सगळं झाल्यावर, गोंदियाच्या दुकानात परतीच्या गाडीची वेळ होत आलेली असताना आणि पिशवीतले पैसे तळाला गेलेले असताना, नवरीच्या आईचा नंबर लागतो. ‘मला काय, कोणतीही चालते’ असं म्हणून ती समोरच्या ढिगातली एक उचलते, आणि तिला कोणी अडवत नाही. पुढे लग्नाच्या दिवशी तीच बाई पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उभी असते. मांडवातली सगळ्यांत जास्त कामं तिच्या हातून होतात, आणि तिच्या अंगावर असतं सगळ्यांत कमी विचार करून घेतलेलं कापड. माझं सांगणं एवढंच, की हा क्रम बदला. नवरीच्या शालूखालोखाल आईची साडी ठरवा, आणि ती ठरवताना रंगाआधी तिचा दिवस डोळ्यांसमोर आणा. हा काही लाडाचा भाग नाही; न केल्याचे त्रास फार लग्नांत दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

तो दिवस कसा असतो ते बघा. आपल्याकडे धानाची कामं आटोपल्यावर लग्नं निघतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत गोंदिया जिल्ह्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पुढे जातो. वरून कापडी मांडव, बाजूला आचाऱ्याच्या भट्ट्या, वरात दोन तास उशिरा. अशा वेळी जॉर्जेट, शिफॉन किंवा ‘आर्ट सिल्क’ नावानं विकलं जाणारं पॉलिस्टर घाम शोषत नाही; ते पाठीला आणि पोटऱ्यांना चिकटून राहतं. घामोळ्यांचं एक वेळ सोडा, विस्तवाचं सोडता येत नाही. नवरदेवाला ओवाळायला आई दारात उभी राहते, तेव्हा दोन्ही हातांत ताट असतं आणि निरांजनाची ज्योत बरोबर छातीच्या उंचीला. ती ओवाळायला किंचित वाकली की खांद्यावरचा मोकळा पदर पुढे सरकतो, आणि तो आवरायला तिचा एकही हात रिकामा नसतो. पुढे लग्नहोम, आणि जिथे ऐरणीदान होतं तिथे झालीत कणकेचे पेटते दिवे. पॉलिस्टर पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं, म्हणून त्यानं भाजलेली जखम खोल जाते. सुतीही भरभर पेटतं, त्याबाबतीत गाफील राहू नये, पण ते वितळून अंगावर बसत नाही. अस्सल रेशीम हळू जळतं आणि ज्योत बाजूला झाली की बहुधा विझतं. म्हणून पहिला नियम: ओवाळायच्या आणि होमाच्या वेळी अंगावर रेशीम किंवा सुती, आणि पदराच्या निऱ्या घालून त्या खांद्यावर पिनेनं पक्क्या केलेल्या.

अशा दिवसाला साजेसं कापड आपल्या शेजारीच विणलं जातं, याचा आपल्याला विसर पडला आहे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी आणि आंधळगावचं टसर आणि त्यावरची करवती काठाची साडी ही पूर्व विदर्भाची स्वतःची वस्तू आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. टसरची अळी ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढते. ही झाडं सालेकशाच्या जंगलात आपण लहानपणापासून बघतो. कोसे पिकवण्याचं काम भंडारा-गडचिरोलीकडची ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या करत आली, आणि विणकाम कोष्टी विणकरांनी सांभाळलं. करवती काठ विणताना दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालतात. काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत गुंतवत नेले, की काठाला करवतीसारखे दाते येतात. हे दाते नुसते छापलेले आहेत की विणलेले, ते साडी उलटून पाहिलं की कळतं. टसरला बदामी, मधाळ असा स्वतःचा रंग असतो, तो डोळ्यांत भरत नाही आणि फिकाही पडत नाही. कापड अंगाबाहेर थोडं उभं राहतं, त्यामुळे आतून हवा खेळते. त्यात एक खोट आहे, ती आधीच माहीत असलेली बरी: पाणी पडलं की डाग उमटतो. कन्यादानात पाण्याची धार आईच धरते, आणि आपल्याकडे नवरा-नवरीचे पाय धुण्याचा कार्यक्रम लांबत जातो. तेवढ्या वेळेपुरता पदर कमरेला खोचावा आणि निऱ्या मागे सारून बसावं. हळदीला मात्र रेशीम नेसूच नये. हळदीच्या डागावर साबण लावला की तो आधी लाल होतो आणि मग पुढची कित्येक वर्षं तिथेच राहतो. त्या दिवशी जुनं सुती पातळ चांगलं.

घेताना ‘टसर’ या शब्दावर विसंबू नका. यंत्रमागावरची नकल सगळीकडे आहे. सिल्क मार्कची चिठ्ठी मागा. नसेल तर पदराच्या टोकाचा एक धागा मागून जाळून बघा. अस्सल रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नकली धाग्याचा कडक मणी होतो. प्रामाणिक दुकानदार याला हरकत घेत नाही. साडीपेक्षाही फसवणारी गोष्ट म्हणजे पोलकं. लग्नसराईत शिंप्याकडे ढीग असतो आणि आईचं पोलकं तिथेही शेवटी शिवलं जातं, म्हणून आदल्या रात्री ते दंडात अडकतं. शिंप्याला दंडाला आणि बगलेला चांगली बोटभर माया सोडायला सांगा, आणि घालून दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा, कारण अक्षता टाकताना आणि मुलीचा मुंडावळ्यांचा दोर सारखा करताना तेच करायचं असतं. परकर सुती हवा, साटीनचा नको; त्यावरून निऱ्या घसरतात. आणि निऱ्या अनवाणी उभं राहून मोजा. उंच टाचेच्या चपलांवर बेतलेली साडी मांडवात चपला काढल्यावर दोन बोटं खाली येते आणि पायात अडकते. आहेराच्या खोलीची किल्ली जिच्याकडे असते तिला दिवसभर कमरेला एक बटवाही लागतो, हेही लक्षात असू द्या.

आता जे आक्षेप येतात त्यांकडे वळते. पहिला असा, की नवरीच्या आईची साडी वरमायपेक्षा भारी दिसता कामा नये. हा विचार बोलून दाखवला जात नाही, पण दुकानात तो सगळ्यांच्या मनात असतो. विहिणीचा मान राखावा, यात मला काही गैर वाटत नाही. दोन घरं जोडताना थोडं नमतं घेतलं तर बिघडत नाही. पण मान कशात आहे? तो तिला आपण काय देतो, कसं बसवतो, पंगतीत तिच्याशी कसं बोलतो यात आहे. स्वतःच्या अंगावर गैरसोयीचं कापड घालून तो वाढत नाही. शिवाय भारी आणि सोयीची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधं टसर वरमायच्या जरीच्या शालूशेजारी कधीच चढाओढ करत नाही. फार तर साक्षगंधाच्या वेळीच दोन्ही विहिणींनी आपापल्या साड्यांचा रंग एकमेकींना सांगून टाकावा. पाच मिनिटांचं बोलणं असतं ते, आणि पुढचे रुसवेफुगवे टळतात.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यांत खरा आहे. २०२५-२६च्या खरिपासाठी सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. बारा हजारांची साडी म्हणजे पाच क्विंटल धान. पंचवीस हजारांची म्हणजे दहाच्या वर. रोवणीला ज्या बाईनं चिखलात वाकून दिवस काढले तिला हा हिशेब कोणी शिकवायला नको, तो तिच्या तोंडपाठ असतो, आणि म्हणूनच ती ‘कोणतीही चालते’ म्हणते. पण आईची साडी आधी घ्या असं मी म्हणते, तेव्हा महाग घ्या असं म्हणत नाही. शेवटी घेतलेली साडीच बहुतेकदा महाग पडते, कारण भाव करायला वेळ नसतो, आणि ती पुढे एकदाही नेसली जात नाही. आधी घेणाऱ्याला दोन दुकानं फिरता येतात, नागपूरच्या गांधीबागेत चौकशी करता येते, मोहाडीला विणकराच्या घरी जाता येतं. पैठणीचाच हट्ट असेल तर निदान एवढं बघा, की पदराची उलटी बाजू सुलट्या बाजूइतकीच स्वच्छ आहे, मागे धागे लोंबत नाहीत. हातमागाची पैठणी परवडत नसेल तर यंत्रावरची नकल घेण्यापेक्षा चांगल्या सुताची, रेशीम काठाची साडी घ्यावी. भाऊ आहेराची साडी आणणारच असेल, तर त्याला आधीच सांगा की तीच लग्नात नेसणार आहे. भावाच्या पैशातून दोन साड्यांऐवजी एक नीट साडी होते, आणि यात संकोच वाटण्यासारखं काहीही नाही.

रंगाचा प्रश्न अलीकडे फोटोवाल्यानं वाढवून ठेवला आहे. सगळ्या बायका एकाच छटेत, असा आग्रह शहरातून इथपर्यंत आला. मुलीची हौस असेल तर हळदीला पुरवा. लग्नाच्या वेळी आईला तिच्या वर्णाला आणि वयाला शोभणारा रंग नेसू द्या. घराघराच्या रीती वेगळ्या आहेत याचंही भान हवं. बौद्ध घरांत नवरा-नवरी पांढऱ्या वस्त्रांत उभी असतात, तिथे पांढरा हाच मंगल रंग आहे; शेजारच्या घरी तोच रंग नको म्हणतात. रंगात शुभ-अशुभ आपण घालतो, हे एकाच गावातल्या दोन मांडवांत दिसतं.

आणि इथेच मला जे सांगायचं आहे त्याचा सगळ्यांत अवघड भाग येतो. जिचा नवरा गेला आहे त्या आईनं काय नेसावं? तिची साडी यादीत शेवटीही येत नाही. तिच्यासाठी फिक्या रंगाचं काहीतरी घरातूनच निघतं, आणि कन्यादानाला काका-काकू बसतात. जिनं एकटीनं बांध्या राखून मुलीला शिकवलं, ती मांडवाच्या खांबाआड उभी राहते. आपल्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विधवेला अशुभ ठरवणाऱ्यांना जाब विचारला होता. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ‘विधीला दोष येतो’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं, की कन्यादान हा हिंदू विवाह वैध ठरण्यासाठी आवश्यक विधी नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानं मार्च २०२४मध्ये स्पष्ट केलं आहे. मग तो करताना पाटावर कोण बसलं, अंगावर हिरवं आहे की पांढरं, यानं लग्नाला बाध कसा येईल?

यावर मिळणारं उत्तर असतं, ‘तिलाच नको असतं.’ काही जणींना खरंच नको असतं, आणि त्यांच्यावर रंग लादणं हीसुद्धा जबरदस्तीच आहे. पण चारचौघांत विचारलं तर ती नाहीच म्हणणार, कारण हो म्हटल्यावर होणारी कुजबुज तिला माहीत असते. मुलीनं तिला एकटीला गाठून विचारावं, यादी काढायच्या आधी विचारावं, आणि कुंकवाचा प्रश्न साडीच्या प्रश्नात मिसळू नये. कुंकू नको म्हणणारीला हिरवा काठ चालू शकतो. तिनं हो म्हटलं तर पुढची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. मामानं आहेराची साडी तिच्या पसंतीच्या रंगाची आणावी, साक्षगंधाच्या बैठकीतच दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर सांगून टाकावं की पाटावर आईच बसणार, आणि भटजींनाही हे लग्नाच्या दिवशी नव्हे, आधी कळवावं. विहिणीनं मांडवात आल्यावर हळदीकुंकवाची सुरुवात या आईपासून केली, तर उरलेल्या बायका मागे सरत नाहीत. हे काम वरमायच करू शकते, म्हणून तिला ते आधी जाऊन विनंतीनं सांगावं. बहुतेक जणी ऐकतात.