सहीचा नाद लागलेल्या भाचीला

अगं, तुझी आई सांगत होती की सह्या जमवायचा नाद तुला लागलाय. कप्पाभर पाकिटं आणलीस, कॉमिक कॉनचं तिकीट काढलंस, आणि पत्र मात्र अजून एकही टाकलेलं नाहीस! असू दे. नाद चांगला आहे. एका अनोळखी माणसाने आपल्या दिवसातलं अर्धं मिनिट तुझ्यासाठी बाजूला काढलं, याची सही ही खूण असते. ते अर्धं मिनिट त्याला देणं सोपं जाईल, एवढं बघायचं. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आधी टपालाचं सांगते, कारण तिथे धीर लागतो आणि तो तुझ्याकडे जरा बेताचाच आहे.

१. पत्र हाताने लिही आणि एका पानात संपव — ज्याच्या टेबलावर रोज गठ्ठा येऊन पडतो, तो पान उलटत नाही.

२. ‘मी तुमची खूप मोठी चाहती आहे’ हे वाक्य खोड. त्या जागी त्यांच्या कामातली एकच नेमकी गोष्ट लिही, कुठल्या नाटकातला कुठला प्रवेश, कुठल्या डावातला कुठला फटका — कौतुक सगळेच करतात, पण आपलं काम कुणी बारकाईने पाहिलं हे त्यांना क्वचितच कळतं.

३. मराठी लेखकाला मराठीतच लिही — ज्याने आयुष्यभर या भाषेत लिहिलं, त्याला तुझं इंग्रजी वाचून काय सुख मिळणार आहे?

४. आजारपणाची किंवा शेवटच्या इच्छेची गोष्ट रचू नकोस — पुढे खरोखरच्या आजारी मुलाचं पत्र आलं, की त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

५. स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट आत घालायचंच. परतीचं पाकीट विसरली, तिची सही तिथेच पसरली — सही करायला ते तयार असतात, पण पाकीट शोधायला आणि तिकीट आणायला कुणी उठत नाही.

६. परदेशातून येणाऱ्या पाकिटाला त्या देशाचं तिकीट लागतं, आपलं पाच रुपयांचं तिथे चालत नाही. अमेरिकेसाठी ‘ग्लोबल फॉरएव्हर’ नावाचं तिकीट मिळतं, एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅमपर्यंतचं पत्र त्यावर कुठल्याही देशात जातं. न्यू जर्सीच्या काकांना येताना चॉकलेटऐवजी ती आणायला सांग — दर वाढले तरी जुनं तिकीट चालतं, म्हणून साठवून ठेवता येतं.

७. इंग्लंडची तिकिटं कुणी दिली तर नीट बघून घे. राणीच्या चेहऱ्याची, बारकोड नसलेली रोजच्या वापरातली तिकिटं २०२३ पासून तिथे चालत नाहीत, चित्रांची खास तिकिटं मात्र चालतात — पाकीट तिकिटापायी अडलं, तर काय झालं हे तुला कुणीही कळवणार नाही.

८. मोठा फोटो पाठवू नकोस. चार बाय सहा इंचांचा फोटो किंवा तीन बाय पाच इंचांचं पांढरं कार्ड पुरे, आणि पुठ्ठ्याचा सोस नको — वजन एक औंसाच्या वर जातं, आणि ताठ पाकिटाला अमेरिकेत वेगळा आकार पडतो.

९. परतीच्या पाकिटाच्या आतल्या कोपऱ्यात, झाकणाखाली, पेन्सिलीने त्या माणसाचं नाव लिहून ठेव. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते — आठ महिन्यांनी पाकीट येतं, आत नुसतं कार्ड असतं, त्यावर दोन वेलांट्या आणि एक फराटा, आणि पाठवणारा कोण ते ओळखू येत नाही.

१०. एका पत्रात एक वस्तू, फार तर दोन — पाच फोटो आले की उघडणाऱ्याला दुकानदाराचा वास येतो.

११. जी वस्तू हरवली तर रडशील ती टपालात घालू नकोस. आजोबांकडची जुनी स्कोअरकार्डं कपाटातच राहू देत — टपालाचा दोष नसतो, पण उत्तर द्यायला समोरचा बांधील नसतो.

१२. ‘त्याच माणसाच्या हाती द्या’ अशा सोयीचं टपाल करू नकोस. जुनं रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलं, आणि ती सोय आता जादा पैसे भरून मिळते — ज्याची सही मागायला पत्र पाठवलं, त्यालाच आधी पोस्टमनकडे सही करायला लावणं बरं दिसत नाही.

१३. घरचा पत्ता हुडकत बसू नकोस. लेखकाला प्रकाशकाकडे, खेळाडूला क्लबाकडे किंवा संघटनेकडे, नटाला नाट्यसंस्थेकडे लिही — दारात आलेलं अनोळखी पत्र बघून माणूस धास्तावतो, कचेरीत आलेलं पत्र सावकाश वाचतो.

१४. एक वही कर. कुणाला, कोणत्या पत्त्यावर, कधी, काय पाठवलं आणि काय परत आलं, एवढे रकाने पुरेत — नाहीतर एकाच माणसाला दोनदा लिहिशील आणि त्याच्या ते लक्षात राहील.

१५. तीन महिने झाले म्हणून आठवणीचं पत्र पाठवायचं नाही. कुणाकडून पंधरा दिवसांत येतं, कुणाकडून वर्षाने — तो शूटिंगवर असतो, दौऱ्यावर असतो, घर बदलतो, आणि तुझं पाकीट त्या सगळ्यात कुठेतरी खाली असतं.

१६. ‘नाही’ म्हटलं की नाही. रिंगो स्टारने २००८ साली जाहीरच केलं, की २० ऑक्टोबरनंतर चाहत्यांची टपालं पाठवू नका, आली तर फेकून देईन. नील आर्मस्ट्राँगने १९९४ पासून सह्या देणंच थांबवलं, कारण त्याच्या सह्या बाजारात विकल्या जात होत्या आणि खोट्याही निघत होत्या. अशांच्या मागे लागू नकोस — त्यांना इतरांनी किती पिळलंय, हे तू पाहिलेलं नसतंस. आणि उलट बाजूही लक्षात ठेव. डॉन ब्रॅडमन खेळ सोडल्यावर कित्येक दशकं ॲडलेडच्या घरात बसून पत्रांच्या ढिगाला उत्तरं देत राहिले. अशी माणसं आजही आहेत.

१७. सही आली की दोन ओळींचं आभाराचं पत्र टाक, आणि त्यात नवीन काही मागू नकोस — सही मागणारे हजार, पोचपावती देणारे विरळा.

आता खऱ्या-खोट्याचं. इथे जरा थांबते, कारण पोरं इथेच फसतात.

१८. टपालाने आलेली प्रत्येक सही त्या माणसाने केलेलीच असेल असं धरून चालू नकोस. काही वेळा सचिव करतो, काही वेळा ती फोटोवर छापलेली असते, काही वेळा ऑटोपेन नावाचं यंत्र करतं. आपल्या सिनेनटांचे फोटो वर्षानुवर्षं छापील सहीसकट यायचे. बोटांनी कागद तिरका धरून उजेडात बघ — खऱ्या शाईची चमक आणि दाब वेगळा दिसतो, छपाई फोटोच्या पोटात असते.

१९. यंत्राची सही ओळखायची एक सोपी रीत आहे. त्याच माणसाच्या दोन सह्या शोध आणि एकीवर दुसरी ठेव, रेघ न् रेघ जुळली तर यंत्र समज — माणूस आपली सही दोनदा सारखी करूच शकत नाही. बॉब डिलनच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग’ या पुस्तकाच्या सहीच्या प्रती २०२२ मध्ये ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. वाचकांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांशी जुळवले आणि यंत्र उघडं पडलं. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलनने जाहीर माफी मागितली. एवढ्या मोठ्या नावाच्या बाबतीत हे घडतं, तर तू सावध राहिलीस म्हणून कुणी तुला संशयी म्हणणार नाही.

२०. ‘प्रमाणपत्र आहे’ या शब्दावर पैसे मोजू नकोस — सही खोटी करणाऱ्याला प्रमाणपत्र छापायला कितीसा वेळ लागतो? अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोठी मोहीम काढली, तेव्हा खोट्या सह्यांच्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलसुद्धा सापडला होता. मदर तेरेसा बेसबॉलवर कशाला सही करतील, हा प्रश्न विकत घेणाऱ्याला पडायला हवा होता. विकत घेण्यापेक्षा स्वतः मागून मिळव, आणि परतीचं पाकीट शिक्क्यासकट जपून ठेव — तो शिक्काच तुझा साक्षीदार.

कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांचं वेगळं असतं. तिथे माणूस समोर असतो, आणि तुला बोलताना धाप लागते.

२१. सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन १९७० पासून भरतंय, आपल्याकडचं २०११ साली दिल्लीत सुरू झालं. कुठलंही असो, निघण्याआधी पाहुणा कोणत्या दिवशी बसणार, सहीचे पैसे किती आणि फोटोचे वेगळे का, हे बघून घे — रांगेत तासभर उभं राहिल्यावर कळलं की फार वाईट वाटतं.

२२. सहीला पैसे लागतात म्हणून नाक मुरडू नकोस. गांधीजी एका सहीचे पाच रुपये घ्यायचे, हरिजन फंडासाठी — वेळ ज्याचा त्याचा असतो, त्याचं मोल ठरवायचा अधिकारही त्याचाच.

२३. पेनं आपली ने, दोन ने, आणि घरी त्याच कागदाच्या तुकड्यावर चालवून बघ. चकचकीत फोटोवर शार्पीसारखा मार्कर, गडद पानावर चंदेरी, पुस्तकाच्या कागदावर साधं बॉलपेन — मार्कर पुस्तकात मागच्या पानापर्यंत झिरपतो.

२४. फोटो फार गुळगुळीत असेल तर आदल्या दिवशी बेबी पावडरचा हलका हात फिरवून मऊ फडक्याने पूस — बोटांचं तेल निघतं आणि शाई थेंबाथेंबाने जमत नाही.

२५. तुझं नाव स्वच्छ अक्षरात चिठ्ठीवर लिहून फोटोला चिकटव, आणि सही नावासकट माग. नावाची सही, विक्रीला नाही — हे समोरच्यालाही कळतं, म्हणून तो मोकळ्या हाताने लिहितो.

२६. टेबलाशी पोचायच्या आधीच प्लास्टिकमधून फोटो बाहेर काढ, पुस्तकाचं नामपृष्ठ उघडून खूण घाल — तिथे पिशवी उपसत बसलीस तर मागच्या चाळीसजणांचे डोळे तुझ्या पाठीत रुततात.

२७. एक वाक्य ठरवून ठेव आणि तेवढंच बोल. गळ्यात पडू नकोस, न विचारता मोबाइल रोखू नकोस, स्वतःची पटकथा हातात देऊ नकोस — त्यालाही सुटका हवी असते.

२८. सही झाली की लगेच मिटू नकोस, बाजूला होऊन फुंकर न घालता मिनिटभर वाळू दे. घाईने मिटलेली सही, दोन पानांवर राही.

२९. मोठ्या नटाच्या रांगेत दिवस घालवण्याआधी मेळाव्यातल्या चित्रकारांच्या गल्लीत जा. तिथे पुस्तक विकत घेतलंस की चित्रकार सहीबरोबर चार रेघांत एखादा चेहराही काढून देतो — त्याच्यापाशी गर्दी कमी, जीव जास्त.

३०. आपला खरा मेळावा मात्र नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला भरतो. दादरचं शिवाजी मंदिर असो, पुण्याचं बालगंधर्व किंवा ठाण्याचं गडकरी, प्रयोगानंतर रंगपटात जाऊन नटांना भेटायची चाल आपल्याकडे जुनी आहे. जरा थांब, रंग उतरवू दे, पाणी पिऊ दे — तीन तास तो तुझ्यासाठीच उभा होता. साहित्य संमेलनातही पुस्तकांच्या गाळ्यांवर लेखक सापडतात, हातात त्यांचं पुस्तक असू दे.

३१. नाटकाच्या छापील तिकिटावर सही घेऊ नकोस — यंत्रातून निघणाऱ्या कागदाची अक्षरं काही वर्षांत उडतात, आणि कोणत्या प्रयोगाची सही तेच उरत नाही. नोटेवर तर मुळीच नको, नोटांवर लिहू नका असं रिझर्व्ह बँक कधीपासून सांगते. आणि छोट्या कार्डाऐवजी मोठा कोरा कागद पुढे करू नकोस — सहीच्या वर काय लिहिलं जाईल याची शहाण्या माणसाला धास्ती असते.

जमवलेलं टिकवणं उरलं. थोडक्यात सांगते.

३२. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही — केलेलं परत सोडवता येत नाही.

३३. पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएस्टरचे कप्पे घे. पीव्हीसीचे, उग्र वासाचे घेऊ नकोस — ते पुढे शाईला चिकटतात.

३४. उन्हात टांगली सही, चार वर्षांत कोरी वही. भिंतीवर रंगीत झेरॉक्स लाव, मूळ कपाटात ठेव — मार्करची शाई उन्हाने विरते.

३५. पावसाळ्यात फाइल भिंतीला टेकवू नकोस, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, आणि कोरड्या दिवशी एकदा पानं उलटून बघ — ओल आणि कसर दोघीही न सांगता येतात.

३६. प्रत्येक सहीच्या मागे वेगळ्या कार्डावर तारीख, ठिकाण आणि काय बोलणं झालं ते पेन्सिलीने लिही, सहीच्या कागदावर नको — दाब उमटतो.

आणि पहिलं पत्र परदेशातल्या मोठ्या ताऱ्याला टाकू नकोस. ज्यांचं काम तू लहानपणी टीव्हीवर पाहिलंस आणि ज्यांना आता फारसं कुणी लिहीत नाही, अशा एखाद्या ज्येष्ठ नटीला किंवा बालसाहित्य लिहिणाऱ्या लेखकाला लिही. उत्तर बहुधा तिकडूनच येतं, आणि कधी कधी सहीबरोबर दोन पानांचं पत्रही येतं. पाकिटं आणलीच आहेस तर या रविवारी बसून ते पत्र लिही आणि सोमवारी पेटीत टाक.