दुकान भाड्याचं, ट्रस्ट कशाचा?

सध्या व्यापारी मंडळींत ‘फॅमिली ट्रस्ट’चं वारं आहे. पुण्या-मुंबईचे सल्लागार येतात, हॉटेलात चहा-नाश्त्यासह व्याख्यान ठेवतात, ‘वारसा कर येतोय, वेळीच सोय करा’ म्हणतात आणि माणूस घाबरून सही करतो. आमचे अण्णा अशाच एका व्याख्यानानंतर जाडजूड इंग्रजी फाइल घेऊन आले. फी ऐकून आईने कपाळाला हात लावला होता. अण्णा गेले तेव्हा त्या फायलीतला एकही कागद कामाला आला नाही. सोलापूरच्या नवी पेठेतलं आमचं चादरी-टॉवेलचं दुकान सावरताना जे कळलं, ते इथे लिहिते. दुकानाचे हिशेब मी बघते, त्यामुळे सगळी कागदपत्रं माझ्याच हाताखालून गेली.

आधी भीतीचं बघू. इस्टेट ड्यूटी नावाचा कर आपल्याकडे १९५३ पासून होता, तो १९८५ मध्ये रद्द झाला. आज वारसाने काही मिळालं म्हणून आयकर लागत नाही. पुढे त्याचं भाडं आलं, व्याज आलं किंवा ते विकलं, तर त्यावर लागतो. ट्रस्टमुळे कर वाचतो म्हणावं, तर रद्द करण्याची मुभा ठेवलेल्या ट्रस्टचं उत्पन्न देणाऱ्याच्याच माथी धरतात. कुणाला किती हे ज्यात ठरलेलं नाही, त्या ट्रस्टला साधारणपणे सगळ्यांत वरचा दर लागतो. अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

खरा घोळ दुकानाचा. फायलीत ‘नवी पेठेतील दुकान’ ट्रस्टची मालमत्ता म्हणून पहिल्याच पानावर होतं. भाडेकरूंच्या दाव्यांत मुरलेल्या एका वकीलकाकांनी ते पान वाचलं आणि विचारलं, “ताई, जागा तुमच्या मालकीची आहे का?” नव्हती. जुनी पागडीची जागा, महिन्याची भाडेपावती अण्णांच्या नावावर. जे आपलं नाही ते ट्रस्टमध्ये घालणार कसं? अशा जुन्या भाडेकरूचा हक्क मृत्युपत्रानेही कुणाला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच, जुन्या मुंबई भाडे कायद्याखालच्या एका प्रकरणात, ते सांगून ठेवलंय. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात व्यवसायाच्या जागेचा भाडेहक्क भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे जातो. तसं कुणी नसेल तर वारसाकडे, आणि वारसांचं एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं.

जागामालकाने तेराव्यानंतर लगेच जागा मागितली. धाकटा भाऊ बारावी झाल्यापासून गल्ल्यावर बसतो, अख्ख्या पेठेला माहीत आहे. पण कोर्टाला पेठ कोण दाखवणार? शेवटी माळ्यावरचे गठ्ठे उतरवले. यंत्रमागवाल्यांच्या चलनांवर माल मिळाल्याच्या त्याच्या सह्या होत्या, उधारीच्या वह्यांत त्याचंच अक्षर होतं. त्यावर निभावलं. तुमचं दुकान भाड्याचं असेल तर जो मुलगा, सून किंवा मुलगी खरोखर धंदा बघते, तिचं नाव आजच पगारपत्रकात आणि बँकेच्या व्यवहारात येऊ द्या. याला खर्च जवळपास नाही, म्हणून कुणी सल्लागार ते सुचवतही नाही.

दुसरा दणका जीएसटीचा. धंदा अण्णांच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे नंबर त्यांच्या पॅनवर. माणूस गेला की नंबर त्याच्या वारसाला तसाच वापरता येत नाही. नवी नोंदणी करायची आणि जुन्या नंबरावर पडून असलेलं क्रेडिट वेगळा फॉर्म भरून वळवायचं. चालू खातंही बँकेने थांबवलं, ऐन लग्नसराईत. बाप-लेक दोघांचीच भागीदारी असेल तरी एक भागीदार गेल्यावर फर्म टिकत नाही, कारण भागीदारीला दोन माणसं लागतातच. आईला किंवा बहिणीला तिसरी भागीदार घ्या, आणि भागीदाराच्या मृत्यूनंतरही फर्म चालू राहील हे करारात लिहून घ्या.

जुळे सोलापूरचं घर मात्र अण्णांचं स्वतःचं होतं. तेही ट्रस्टमध्ये गेलं नाही, कारण ट्रस्टचा कागद नुसता नोटरी केलेला. १८८२च्या कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या ट्रस्टचा दस्त नोंदवावा लागतो. मृत्युपत्र असतं तर दोन साक्षीदारांवर भागलं असतं. त्याला मुद्रांक नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. राहतं घर हयातीतच मुलांना बक्षीसपत्राने द्यायचं तर २०१५ पासून महाराष्ट्रात नाममात्र २०० रुपये मुद्रांक ठरला. दुकानाच्या गाळ्याला ही सवलत नाही. पण घर एकदा दिलं की दिलं, हे म्हाताऱ्या आईबापांनी दहादा मनात घोळवावं.

मग म्युच्युअल फंड. नॉमिनी मोठा दादा, आणि त्याला वाटलं पैसे त्याचेच. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या मागे फंडांवर हक्क नॉमिनींचा की वारसांचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला की नॉमिनी मालक होत नाही. मालमत्ता मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच जाते. २०१० मध्ये कोकाटे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने शेअरबाबत उलट म्हटलं होतं, त्यामुळे अजूनही काही जण जुनंच सांगतात. आमच्याकडे मृत्युपत्र नव्हतं, म्हणून आई, दोघे भाऊ आणि मी, चौघांना सारखा वाटा. आजी हयात असती तर तिलाही मिळाला असता, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसतं. दादा भला, निकाल वाचून पुन्हा विषय काढला नाही.

ट्रस्ट वाईट असं मी म्हणत नाही. घरात स्वतःचं बघू न शकणारं मूल असेल तर खासगी ट्रस्टसारखी सोय नाही. पण त्याआधी प्रत्येक मालमत्तेचा उतारा, मिळकत पत्रिका आणि भाडेपावती टेबलावर ठेवा, आणि सल्लागार, आपला नेहमीचा सीए आणि गावातला वकील यांना एकत्र बसवा. मसुदा मराठीत मागा आणि घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्या. आमच्या फायलीत लाभार्थींच्या यादीत आईचं नावच नव्हतं. अण्णांनी ते मुद्दाम गाळलं असेल यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास बसत नाही. कुठल्या तरी दुसऱ्या घरासाठी केलेला मसुदा त्यांच्यापुढे सरकवला होता, इतकंच.