क्रॅश सापडल्यानंतरचे काम

मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावू इच्छिणारे तरुण अभियंते जेव्हा मला विचारतात की आरंभ कोठून करावा, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते: एखादी लायब्ररी निवडावी, तिच्यासाठी एक फझ टेस्ट लिहून पाठवावी, क्रॅश सापडताच त्याची नोंद करावी आणि पुढील लायब्ररीकडे वळावे. या वाटेने मीही काही वर्षे चाललो आहे, आणि वाटेत जे पाहिले त्यावरून माझे असे निश्चित मत झाले आहे की फझ टेस्ट लिहिणे हे या कार्यातील सर्वांत अल्प श्रमाचे अंग असून, ती प्रकल्पात दाखल झाल्यावर तिची देखभाल कोण करतो, तिच्यातून निघालेल्या प्रत्येक क्रॅशचा तपास कोण शेवटास नेतो, यावरच तिचे सारे मूल्य अवलंबून असते.

ज्यांचा या तंत्राशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. फझ टेस्ट म्हणजे प्रोग्रामला आपोआप घडविलेली वेडीवाकडी माहिती पुरवून तो कोठे कोलमडतो हे पाहणारी चाचणी, आणि ती माहिती घडविणारे साधन म्हणजे फझर. १९८८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर हे एका वादळी रात्री मॅडिसन येथील आपल्या घरून दूरध्वनीच्या तारेवाटे विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत असता, तारेवरील खरखरीमुळे त्यांच्या आदेशांत भलतीच अक्षरे मिसळू लागली, आणि त्या अक्षरांनी युनिक्सवरील नित्य वापरातले प्रोग्राम धडाधड बंद पडू लागले. हाच विषय त्यांनी विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी दिला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसून आले की यदृच्छया निर्माण केलेली अक्षरे पुरविली असता तपासलेल्या प्रोग्रामांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा कोलमडतो किंवा अडकून बसतो. पुढे २०१३ साली मिखाल झालेव्स्की यांनी एएफएल हे साधन प्रसिद्ध केले. दिलेल्या माहितीमुळे प्रोग्राममधील एखादी नवी शाखा चालली तर ती माहिती जपून ठेवावी व तिच्यातच पुन्हा फेरफार करावेत, या त्याच्या रीतीमुळे जे पूर्वी केवळ यदृच्छेवर सोडलेले होते त्याला दिशा मिळाली. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला, आणि ज्या कोडवर साऱ्या जगाचे व्यवहार चालतात तो मूठभर माणसे अत्यल्प साधनांनिशी सांभाळत आहेत हे सर्वांना कळून चुकले. त्यानंतर, २०१६ च्या डिसेंबरात, गूगलने ओएसएस-फझ ही सेवा सुरू करून मुक्तस्रोत प्रकल्पांच्या फझ टेस्ट अहोरात्र विनामूल्य चालविण्याची तजवीज केली.

आता माझ्या अनुभवाकडे वळतो. आमच्या पुण्याच्या कार्यालयातील एका प्रणालीत चित्रांच्या फाइली वाचण्यासाठी एक लहानशी मुक्तस्रोत लायब्ररी वापरली जात असे. तिचा मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, एकच होता. दिवसा अन्यत्र नोकरी करून, या कामाचा एक पैसाही न घेता, रात्रीचा वेळ तो तिच्यासाठी राखून ठेवीत असे. माझ्या आधी एका मोठ्या कंपनीतील अभियंत्याने त्या प्रकल्पाकडे अनेक फझ टेस्ट एकदम पाठविल्या होत्या, त्या स्वीकारल्याही गेल्या होत्या, आणि त्यांपैकी पीएनजी फाइली वाचणारी टेस्ट कित्येक महिने अखंड चालूनही तिच्यातून एकही क्रॅश निघाला नव्हता. प्रकल्पाच्या माहितीपत्रकात या गोष्टीचा उल्लेख अभिमानाने केलेला असे, आणि लायब्ररी वापरणारे आम्ही सर्व त्या उल्लेखावर विसंबून होतो.

ज्या दिवशी त्या टेस्टचा कव्हरेज अहवाल मी उघडला त्या दिवशी या शांततेचे कारण कळले. पीएनजी फाइलीच्या आरंभी आठ बाइटांची ठरीव खूण असते आणि तिच्यामागून एकापुढे एक खंड येतात; प्रत्येक खंडात प्रथम लांबी, मग चार अक्षरांचे नाव, मग मजकूर आणि शेवटी त्या नावावरून व मजकुरावरून काढलेली सीआरसी ही चार बाइटांची ताळ्याची संख्या असते. फझरने मजकुरातील एक बाइट जरी बदलला तरी ताळा जुळत नाही, आणि सावधपणे लिहिलेली लायब्ररी अशी फाइल तेथल्या तेथे नाकारते. अहवालात प्रत्येक ओळीपुढे ती किती वेळा चालली याचा आकडा असतो. ताळा पाहणाऱ्या ओळीपर्यंत हे आकडे कोटींच्या घरात होते आणि तिच्या खाली, जेथे रंगांचा तक्ता वाचला जातो, दाबून ठेवलेला मजकूर उलगडला जातो, चित्राच्या ओळी मेमरीत मांडल्या जातात, तेथे पानामागून पान शून्येच शून्ये होती. फझरला आरंभी नमुन्यादाखल एकही खरी फाइल दिलेली नव्हती, आणि इतके महिने तो वेशीवरच अडकून पडला होता.

यावर उपाय कठीण नसतो. केवळ फझिंगसाठी होणाऱ्या बिल्डमध्ये ताळा न जुळल्यास दुर्लक्ष करण्याची मुभा ठेवावी, वापरकर्त्यांच्या हाती जाणाऱ्या बिल्डमध्ये ती कदापि ठेवू नये, आणि प्रत्येक प्रकारच्या लहान लहान खऱ्या फाइली कॉर्पसमध्ये, म्हणजे फझरला दिलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, घालाव्यात, एवढे केले म्हणजे पुरते. परंतु क्रॅश न सापडणे म्हणजे दोष नसणे, ही समजूत मात्र सहजासहजी जात नाही. लिबवेबपी या लायब्ररीच्या फझ टेस्ट वर्षानुवर्षे ओएसएस-फझवर चालत असताही २०२३ च्या सप्टेंबरात तिच्यातील हफमन तक्ते बांधणाऱ्या कोडमध्ये असा दोष निघाला की सर्व प्रमुख ब्राउझरांना तातडीने सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. म्हणून ज्याने टेस्ट लिहिली त्याने कव्हरेजचा अहवाल स्वतः ओळ न् ओळ वाचल्याखेरीज ती पाठवू नये, आणि पाठविल्यावरही मधून मधून तो पुन्हा वाचीत राहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्या लायब्ररीत ताळ्याचा अडसर दूर होताच क्रॅशचा ओघ सुरू झाला, आणि खरी परीक्षा येथून पुढे झाली. क्रॅश निघाले त्यांतील काही अस्सल होते: मेमरीच्या हद्दीबाहेर वाचन होत असे, एके ठिकाणी लेखनही होत असे. पण पुष्कळसे निराळ्या जातीचे होते. पीएनजीच्या पहिल्या खंडात चित्राची रुंदी आणि उंची प्रत्येकी चार बाइटांत लिहिलेली असते, त्यामुळे शंभर बाइटांचीही नसलेली फाइल आपण अब्जावधी बिंदूंचे चित्र असल्याचे सांगू शकते. लायब्ररी तितकी मेमरी मागते आणि लिबफझर हा फझर, ज्याची मेमरीची मर्यादा न सांगितल्यास २०४८ एमबी असते, मेमरी संपल्याची नोंद करून थांबतो. हा लायब्ररीचा दोष मानावा की मर्यादा घालणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य मानावे, हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि त्याचा निर्णय करण्याचा अधिकार मेंटेनरचा आहे, टेस्ट लिहिणाऱ्याचा नव्हे. आणखी काही क्रॅश असे होते की ज्यांचे मूळ टेस्टमध्येच होते. सी भाषेतील एका फंक्शनला शून्य बाइटने संपणारी अक्षरमाला लागते असे दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेले असता, त्या टेस्टने फझरकडून आलेले बाइट जसेच्या तसे त्याच्या हवाली केले होते. असा क्रॅश म्हणजे लायब्ररीवर विनाकारण घेतलेला आळ होय, आणि तो खोटा ठरविण्यासाठी मेंटेनरची एक अख्खी रात्र खर्ची पडते.

त्या मेंटेनरच्या अशा किती रात्री खर्ची पडल्या असतील याची कल्पना मी करू शकतो. ज्याने टेस्ट पाठविल्या तो दुसऱ्या कामावर गेला होता आणि पत्रांना उत्तरे देत नव्हता; नोंदी मात्र आपोआप येत होत्या, आणि प्रत्येक नोंदीबरोबर मुदत धावत होती, कारण ओएसएस-फझवरील नोंद दोष दुरुस्त झालेला नसला तरी नव्वद दिवसांनी सर्वांस खुली होते. अखेर एके दिवशी त्याने साऱ्या फझ टेस्टची बांधणीच बंद केली. त्याला दोष देणारे पुष्कळ निघाले. मी त्यांच्यात नव्हतो आणि आजही नाही. लिबएक्सएमएल२ या लायब्ररीच्या मेंटेनरने २०२५ साली, सुरक्षाविषयक नोंदी यापुढे गुप्त न राखता इतर दोषांप्रमाणेच सवडीने हाताळल्या जातील, असे जाहीर केले, तेव्हाही त्यामागे विनावेतन काम करणाऱ्या माणसावर लादला गेलेला हाच भार होता. ज्या माणसाचे काम वाढविण्याची आपण तयारी केली आहे त्याची संमती आधी घेणे, ही साधी माणुसकी आहे.

पुढे त्या मेंटेनरशी माझा पत्रव्यवहार होऊन काही गोष्टी ठरल्या, आणि त्या मी इतरांनाही सांगत असतो. एका वेळी एकच टेस्ट सुरू करावी, आणि तिच्यातील अस्सल दोष मिटल्याखेरीज दुसरीला हात घालू नये. नोंदी ज्या पत्त्यावर जातात तेथे टेस्ट लिहिणाऱ्याचेही नाव असावे, म्हणजे पहिला तपास त्याच्याकडून होईल. मेंटेनरपुढे जे जाईल ते पुराव्यासह जावे: क्रॅश घडविणारी फाइल काटछाट करून शक्य तितकी लहान केलेली, दोषाचे मूळ कोणत्या ओळीत आहे याची कैफियत, आणि होईल तेथवर दुरुस्तीचा पॅच. फाइल लहान करण्याचे काम लिबफझर स्वतःच करून देतो, आणि पाच हजार बाइटांचा गुंता साठ बाइटांवर आला म्हणजे दोषाचे कारण पुष्कळदा पाहताक्षणी ध्यानात येते. टेस्ट लिहिताना ती यादृच्छिक संख्या, घड्याळ किंवा मागील फेरीत उरलेली अवस्था यांवर विसंबणार नाही एवढी खबरदारी घ्यावी. एकच फाइल आज क्रॅश करते आणि उद्या करीत नाही, अशा टेस्टवरचा विश्वास एकदा उडाला की परत येत नाही.

गोपनीयतेविषयी थोडे अधिक विस्ताराने लिहितो, कारण येथे अनर्थ नकळत घडतो. मेमरीच्या हद्दीबाहेर लेखन होत असल्याची शंका येताच खुली नोंद करू नये, प्रकल्पाने सुरक्षेसाठी जो खासगी मार्ग सांगितला असेल तोच धरावा, हे बहुतेकांस ठाऊक असते. पण प्रत्येक पॅचबरोबर थोडा वेळ फझर चालविण्याची व्यवस्था अनेक प्रकल्पांत असते, तिचे लॉग कोणासही वाचता येतात, आणि क्रॅश घडविणारी माहिती लहान असली तर लिबफझर ती बेस६४ रूपात त्याच लॉगमध्ये छापतो. आपण खासगी पत्राचा मसुदा करीत असता दोष उघडण्याची किल्ली भर चौकात पडलेली असू शकते. तेव्हा अशी व्यवस्था जोडण्यापूर्वी ते लॉग कोण वाचू शकतो याची खातरजमा करावी. तसेच कॉर्पसमध्ये हाताशी असलेल्या फाइली सरसकट घालू नयेत. ग्राहकाने पाठविलेली पीडीएफ, कोणाचे आधारपत्र, कोणाचा वैद्यकीय अहवाल एकदा सार्वजनिक भांडारात गेला की त्याच्या किती प्रती झाल्या हे सांगणे अशक्य होते. नमुने स्वतः तयार करावेत किंवा मुक्त परवान्याचे घ्यावेत.

मेंटेनर नवख्या माणसाकडे साशंक दृष्टीने पाहतात, ही तक्रारही मी ऐकतो. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या साधनात दडविलेले चोरद्वार उघडकीस आल्यावर लक्षात आले की, ज्या नावाने ते घातले गेले त्याच नावाने आदल्या जुलैत ओएसएस-फझमधील त्या प्रकल्पाच्या बिल्डमध्ये एक सोय बंद करण्याचा बदल पाठविला होता आणि तो स्वीकारला गेला होता. हे घडून गेल्यावर, एखादी तपासणी सौम्य करणारा किंवा बंद करणारा बदल आपण पाठवीत असू तर त्याचे कारण मागितले जाणे हा आपला अपमान मानू नये. न मागता सविस्तर कारण द्यावे.

दोष दुरुस्त झाला म्हणजे क्रॅश घडविणारी फाइल टाकून देण्याची चूक मात्र कोणी करू नये. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या प्रकल्पात फझरने शोधलेल्या लक्षणीय फाइली साठवून नेहमीच्या चाचण्यांबरोबर पुन्हा पुन्हा चालविल्या जातात. गो भाषेत २०२२ सालच्या १.१८ या आवृत्तीपासून फझिंगची सोय भाषेसोबतच आली, आणि नापास झालेली माहिती चाचण्यांच्या फोल्डरमध्ये आपोआप नोंदली जाऊन पुढील प्रत्येक चाचणीत तपासली जाते. फझर उद्या बंद पडला तरी या फाइली कामावर राहतात.

मराठी वाचकांना एक विनंती करून थांबतो. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांत आपली अक्षरे पडद्यावर जुळविण्याचे काम हार्फबझ ही मुक्तस्रोत लायब्ररी करते. व्यंजनानंतर टंकलेली ऱ्हस्व वेलांटी त्याच्या आधी नेऊन बसविणे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील र निराळा दाखविणे, ही कामे तिच्यातील कोड आणि फाँटमधील तक्ते मिळून करतात. तिच्या फझ टेस्ट पूर्वीपासून आहेत, पण मराठी जोडाक्षरांची खाचखळग्यांसकट माहिती असणारे हात तेथे थोडे असणार. लोहित देवनागरीसारखा मुक्त परवान्याचा एखादा फाँट घ्या, त्या टेस्टचे कव्हरेज वाचा, देवनागरीसाठी असलेल्या कोडमधील कोणत्या ओळी अस्पर्श राहिल्या आहेत ते पाहा, आणि काहीही पाठविण्यापूर्वी मेंटेनरांना विचारा की याचा त्यांना उपयोग आहे का आणि पुढील वर्षभर आलेल्या नोंदींचा पहिला तपास तुम्ही केलेला त्यांना चालेल का.